आडव्या दगडाचा मालक

उमेझावांच्या परसात दगड उतरवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेप्पेई तिथे पोचला तेव्हा दगड आंघोळ करून तयार होता.

आदल्या संध्याकाळी क्रेनवाल्याने मागच्या गल्लीतून, भिंतीवरून उचलून ठेवलेलं हिरवं-काळं धूड आता पांढरंफटक झालं होतं आणि त्याच्यावरून पाणी निथळत होतं. शेजारी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेले उमेझावासान, हातात गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाची नळी बंदुकीसारखी धरून उभे.

"या, या, कुनिमात्सुसान! ओळखू येतोय का?"

"नाही," तेप्पेई म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

तेप्पेई कुनिमात्सु बागा लावायचा. वडीलही तेच करायचे. बिवा सरोवराच्या काठच्या त्या पट्ट्यात परसात तळं खणायची लोकांना हौस फार, आणि तळं आलं की काठाला दगड आलेच. झाडं कुणीही लावतो. दगड लावणारा माणूस वेगळा. दगड डोंगरात कसा पडला होता ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. शेवाळ वरच्या अंगाला, मातीचा पट्टा खालच्या अंगाला, पाण्याने घासलेली बाजू प्रवाहाकडे. तेप्पेई सकाळी येऊन हेच वाचणार होता. उमेझावासानांनी रात्रीत पाटी कोरी करून ठेवली होती.

"धुवायच्या आधी शेवाळ कुठल्या बाजूला होतं, आठवतंय का?"

"सगळीकडेच! नुसती घाण होती. सुमाको, किती घाण होती?"

"फार," ओसरीवरून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "एक बेडूकसुद्धा निघाला."

"बेडूक कुठल्या बाजूने निघाला?" तेप्पेईने आशेने विचारलं.

ते कुणी पाहिलं नव्हतं.

उमेझावासानांना दोष तरी काय द्यायचा. सबंध आयुष्य त्यांनी नळ बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात काढलं होतं. नळावर डाग दिसला की नळ परत. निवृत्तीनंतर डाग शोधायला नळ उरले नव्हते, म्हणून ते घर, शेजाऱ्याची सायकल आणि आता दगड यांच्यावर आले होते.

"मग काय, उभा करू या," ते म्हणाले. "आडवा नको हं. पलीकडच्यांकडे आडवा आहे. म्हैस बसल्यासारखा दिसतो."

तेप्पेई दगडाभोवती फिरला. मग उलट्या बाजूने फिरला. वडील असते तर त्यांनी काम तिथेच थांबवलं असतं. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी तेप्पेईला पहार हातात द्यायच्या आधी दिला होता. डोंगरात आडवा असलेला दगड बागेतही आडवाच ठेवायचा. त्याला उभा केला, की तो जागा होतो. आणि जागा झालेला दगड त्या घरच्या मालकाला घेऊन जातो, अंगणातली पानं गळून संपायच्या आत. कुठे घेऊन जातो हे वडिलांनी सांगितलं नव्हतं. तेप्पेईनेही विचारलं नव्हतं. ते विचारायचं वय नव्हतं, आणि पुढे ते वय आलं तेव्हा विचारायची इच्छा राहिली नाही.

तेप्पेईचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तो रात्री नखं कापायचा नाही, उत्तरेकडे डोकं करून झोपायचा नाही, आणि भातात जेवायच्या काड्या मेलेल्याच्या नैवेद्यासारख्या उभ्या खोचलेल्या दिसल्या तर उठून जायचा. पण ते सगळं सवयीने. विश्वास असा नव्हता.

"काय जावईबापू," गोरो म्हणाला, "दगडाला मुलगी द्यायचीय का? किती बघायचं ते!" गोरो म्हणजे तेप्पेईच्या बायकोचा थोरला भाऊ आणि कामावरचा जोडीदार. त्याचा विश्वास फक्त दुपारच्या डब्यावर होता.

"गोरोसान, तुम्हाला काय वाटतं? आडवा की उभा?"

"मला वाटतं, हा इथे आणि मी घरी."

एक टोक जरा निमुळतं होतं. निमुळतं टोक वर असायची शक्यता जास्त. तेप्पेईने स्वतःला असं सांगितलं, आणि लगेच पटवूनही घेतलं.

काम नेहमीसारखंच सुरू झालं. तीन लाकडी ओंडक्यांचं तिकाटणं, त्याला चेनपुली, दगडाला पोत्यांत गुंडाळलेल्या साखळ्या. फळ्या टाकून, खाली गोल लाकडं सरकवत दगड तळ्याच्या काठापर्यंत आणला, खड्डा खणला, उचलला. तेप्पेईचा अनुभव असा, की दगड कधीच पहिल्यांदा नीट बसत नाही. तो डुगडुगतो, कलतो, एका अंगाने रुसतो. मग पुन्हा उचला, खाली गोटे भरा, माती धुमसा. अर्धा दिवस त्याची समजूत घालण्यात जातो.

हा दगड खड्ड्यात उतरला आणि उभा राहिला. डुगडुगला नाही, कलला नाही. नाव पुकारल्यावर शाळेतलं पोर उठून उभं राहावं तसा.

गोरोने पहारीने ढोसून पाहिलं. "बसला की."

"बसला नाही," तेप्पेई म्हणाला. "उभा राहिला."

तळ्यात एकच मोठा मासा होता. नारिंगी-पांढरा, जुना, जाड. त्याचं नाव साहेब. उमेझावासानांच्या जुन्या साहेबांसारखा तो तोंड उघडायचा आणि काही न बोलता मिटायचा, म्हणून. साहेब आतापर्यंत काठाशी येऊन काम बघत होता. दगड उभा राहिला तसा तो तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून हलला नाही.

*

पुढच्या आठवड्यात तेप्पेई नदीवरच्या दगडवाल्याकडे गेला होता, दुसऱ्याच एका कामाचे गोटे निवडायला. कान्सुके हा दगडवाला वयाने बराच मोठा, आणि दगडांबद्दल बोलताना माणसांबद्दल बोलतोय असं वाटायचं. माणसांबद्दल तो बोलायचा नाही.

"काय रे, माझं जेवणाचं टेबल कसं आहे?"

"कुठलं टेबल?"

"अरे तो मोठा. उमेझावांकडचा. वर नदीच्या वळणावर असायचा. बापासोबत जायचो तेव्हापासून त्याच्यावर बसून डबा खाल्लाय मी. आडवं पडून झोपसुद्धा काढलीय. असा सपाट दगड उभ्या नदीत नव्हता."

तेप्पेईच्या हातातला गोटा खाली पडला. पायावर पडला. तेप्पेईला ते संध्याकाळी कळलं.

तो तसाच उमेझावांकडे गेला. सुमाकोसानांनी दार उघडलं. उमेझावासान आत खाली शेकोटी असलेल्या बुटक्या मेजाशी बसले होते, गळ्याला लोकरी पट्टी गुंडाळून. तेप्पेईला पाहून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आवाज गेलाय यांचा," सुमाकोसान म्हणाल्या. "दगड बसवला त्या दिवशी रात्रीपासून. डॉक्टर म्हणतात घशात काही नाही. मी म्हटलं, तेच तर, आवाजसुद्धा नाहीये. काय हो, हसलेच नाहीत ते."

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? काहीतरी बांधकामाचं कारण सांगावं, जमीन भुसभुशीत आहे, दगड कलेल, आडवा करतो, म्हणावं. तेप्पेई हे सगळं वाटेत ठरवून आला होता. पण उमेझावासानांचा उघडा-मिटलेला जबडा पाहून त्याने खरं तेच सांगून टाकलं. दगड आडव्याचा उभा झालाय. जागा झालाय. घरच्या मालकाला नेतो. पानं गळायच्या आत.

परसात चेरीचं झाड होतं; त्याची पानं लाल होऊन गळायला लागलीच होती. तिघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

मग उमेझावासान कुजबुजले, "मालक म्हणजे नेमकं कोण?"

"म्हणजे... तुम्हीच."

"तसं कसं? मी घरजावई आहे. उमेझावा हे आडनावसुद्धा माझं नाही. घर हिच्या वडिलांचं. तळं हिच्या वडिलांनी खणलं. मी फक्त राहतो."

"अहो!" सुमाकोसान म्हणाल्या. "इतकी वर्षं मानाच्या जागी, चित्राच्या कोनाड्याकडे पाठ करून कोण बसतंय? टबातल्या नव्या पाण्यात पहिली आंघोळ कोण करतंय? दारावरच्या पाटीवर नाव कुणाचंय?"

"ते तू आग्रह केलास म्हणून."

"मी दगड उद्याच आडवा करतो," तेप्पेई घाईघाईने म्हणाला. "तिकाटणं घेऊन येतो."

सुमाकोसानांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं आणि मान हलवली. "उद्यापासून दोयो."

तेप्पेईने डोळे मिटले. दोयो विसरला होता तो. ऋतू बदलायच्या आधीचे ते दिवस, जेव्हा माती झोपेतून कूस बदलत असते आणि तिला फावडं लावायचं नसतं. स्वतः तेप्पेई दोयोत कधी खणत नसे. झाडं छाटायचा, हत्यारं घासायचा. दगड आडवा करायचा तर आधी मुळाशी खणायला हवं. म्हणजे दगडाच्या रागाला मातीच्या रागाची जोड.

"मध्ये एक खणायला मोकळा दिवस येतो," सुमाकोसान म्हणाल्या, "पण त्या दिवशी अंत्यविधीचा योग आहे."

दोयो संपला, हिवाळा लागला, की त्याच सकाळी यायचं ठरलं. तोवर मालकाला जपायचं.

"फक्त तो कोण ते ठरवू या," उमेझावासान कुजबुजले.

*

मेला तर मी मारला, हे तेप्पेईच्या डोक्यातून जाईना. दोन-चार दिवसांनी तो काहीतरी निमित्त काढून उमेझावांकडे डोकावला. दारावरची नावाची पाटी बदललेली होती. ताज्या लाकडावर ताजी शाई : उमेझावा सुमाको.

"या कुनिमात्सुसान, या!" आतून उमेझावासानांचा खणखणीत आवाज आला.

ते दाराजवळच्या जागेवर, पाहुण्यांपेक्षाही खाली, पाय दुमडून बसले होते. रंग टवटवीत. चित्राच्या कोनाड्याकडे पाठ करून सुमाकोसान बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

"न्हाणीत पाय घसरला," त्या थंडपणे म्हणाल्या. "पहिली आंघोळ करायला गेले आणि घसरले. इतकी वर्षं शेवटची करत होते, कधी घसरले नाही."

"पाटी बदलली दुपारी, माझा आवाज आला संध्याकाळी," उमेझावासान म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जुन्या नोकरीची चमक आली होती. "एकदा झालं म्हणजे योगायोग. आमच्याकडे निदान तीन नळ तपासल्याशिवाय शेरा लिहीत नव्हतो."

"अहो, मी काय नळ आहे?"

"तसं नव्हे गं."

"हात मोडलाय माझा आणि हे तपासणी करतायत!"

तेप्पेई परसात गेला. दगड तसाच उभा. त्याला वाटलं, त्याने बसवला तेव्हा दगडाचं तोंड तळ्याकडे होतं. प्रत्येक दगडाला तोंड असतं, ते बघूनच तो बसवतात. आता ते तोंड जरासं ओसरीकडे वाटत होतं. गप्पा चालू असताना माणूस मान न वळवता कान वळवतो तेवढंच. त्याने मुळाशी वाकून पाहिलं. माती घट्ट, धुमसलेली, एकही भेग नाही.

चेरीच्या झाडावर मात्र एक शिडी लावलेली होती. जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांवरच्या पानांचे देठ पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवलेले. एकेक पान. नीट, सरळ, बुडबुडा न राहता.

"पानं गळून संपली तर ना!" मागून उमेझावासान म्हणाले. "आहेत तेवढी टिकवतो. बायको मालकीण आहे, काळजी घ्यायला नको?"

त्यानंतर तेप्पेई गेला तेव्हा पाटीवर फक्त एकच शब्द होता : साहेब.

"कायदेशीर काही नाही यात," उमेझावासान समजावू लागले, "पण आपण मनापासून मानलं की झालं. दगडाला कुठे सातबारा वाचता येतो."

त्यांनी सगळं मनापासून केलं होतं. सकाळचं वर्तमानपत्र घडी न मोडता तळ्याच्या काठावर ठेवलं होतं. भाताची पहिली वाटी तळ्यात. न्हाणीतल्या टबात गरम पाणी भरायच्या आधी बादलीभर गार पाणी, त्यात साहेब, दोन मिनिटं. मग त्याला परत तळ्यात सोडून पाणी तापवायचं आणि बाकीच्यांनी आंघोळी करायच्या. सुमाकोसानांच्या हाताची पट्टी निघाली होती. त्या त्याच हाताने मुळा किसत होत्या.

"डॉक्टर म्हणाले, हाड इतक्या लवकर जुळत नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मालकी सोडली की सगळं जुळतं."

"आणि साहेब?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जेवला नाही काल," उमेझावासान म्हणाले.

तेप्पेई तळ्याकडे गेला. साहेब दुसऱ्या टोकाला नव्हता. तो दगडाच्या बरोबर समोर, पाण्यात स्थिर होता, तोंड दगडाकडे. ते उघडत नव्हतं, मिटत नव्हतं. सगळी बाग वाऱ्यात हलत होती आणि चेरीची चिकटवलेली पानं फडफडत होती, फडफडत होती, पण पडत नव्हती. तेप्पेईला ते पडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिसऱ्या खेपेला सुमाकोसानांनीच त्याला स्वैपाकघरात नेलं आणि फ्रीजरचं दार उघडलं. खाली गोठवलेली मोमोसारखी डंपलिंग्ज, वर मटार, मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला साहेब. शेपटी बाहेर.

"दोयो आहे ना," त्या म्हणाल्या. "पुरायचं कुठे? खणता येत नाही."

"तीन झाले," उमेझावासान दारातून म्हणाले. आवाजात दुःख होतं. समाधान मात्र लपत नव्हतं. "तीन तपासले, तिन्हींचा निकाल एक. आता शेरा लिहायला हरकत नाही."

"आता पाटीवर कोण?" तेप्पेईने विचारलं.

"सध्या कुणीच नाही. पाटी काढून ठेवलीय," सुमाकोसान पटकन म्हणाल्या. "पण रिकामी ठेवून चालत नाही हो. काल रात्री दोघांनाही कसंसंच झालं. दगडाला कुणीतरी लागतंच."

तेप्पेईने खाली मान घातली. "सगळं माझ्यामुळे झालं. दोयो संपला की पहाटेच येतो. तोवर फक्त सांभाळा."

"छे छे, तुमच्यामुळे कसं!" उमेझावासान म्हणाले. मग सहज विचारावं तसं : "बरं, कुनिमात्सुसान, तुमचं नाव नेमकं कसं लिहिता? नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र पाठवायचंय. चूक नको."

तेप्पेईला बरं वाटलं. एवढं होऊनही माणसं शुभेच्छापत्र पाठवायचं म्हणतात. त्याने नाव लिहून दिलं. सुमाकोसानांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, पाहुण्याचं कार्ड घ्यावं तसा, आणि कपाळाला लावता लावता थांबल्या.

*

हिवाळा लागला त्या सकाळी उमेझावासानांचा फोन आला. पुढच्या फाटकाला रंग दिलाय, ओला आहे, तेव्हा ट्रक मागच्या गल्लीत घ्या. तेप्पेई आणि गोरोने तिकाटण्याचे ओंडके मागच्या दाराने आत नेले.

परसात पाऊल टाकतो तोच दोघं नवराबायको ओसरीवरून कमरेत वाकली. इतकी खाली, की तेप्पेईला त्यांच्या डोक्यावरचे भोवरे दिसले.

"आधी चहा," सुमाकोसान म्हणाल्या.

"आधी दगड," तेप्पेई म्हणाला. रात्रभर त्याला झोप नव्हती. उठताना छातीत धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. बायको म्हणाली होती, काळजीने होतं.

"आधी चहा," उमेझावासानही म्हणाले. त्यांचा आवाज मजेत होता.

आत नेऊन त्यांनी तेप्पेईला चित्राच्या कोनाड्याकडे पाठ करून बसवलं. तो नको नको म्हणत होता. बागेतला माणूस तिथे बसत नाही, चड्डीला चिखल असतो. त्यांनी उशी दिली. न मोडलेलं वर्तमानपत्र दिलं. भाजलेला ताई नावाचा सणासुदीचा मासा, डोक्याकडचा भाग, त्याच्या ताटात. गोरोला शेपूट.

"माझं काय चुकलं?" गोरो म्हणाला.

"पाणी तापवलंय," सुमाकोसान तेप्पेईला म्हणाल्या. "अजून कुणी शिरलेलं नाही."

"कामाच्या आधी आंघोळ?"

"थंडी आहे. अंग मोकळं होईल. एवढं ऐका आमचं."

तेप्पेईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या चुकीने या माणसांचा आवाज गेला, हात मोडला, साहेब गेला, आणि ही माणसं त्याला ऊन पाणी काढून देत होती. नाही म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा दुखावणं. तो टबात बसला. पाणी छान होतं. बाहेर आला तर दोघं टॉवेल घेऊन रांगेत उभी. तो निघाला तशी एकामागून एक आत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन लगेच बाहेर आली, परीक्षेला उशीर झाल्यासारखी.

"स्वच्छ लोक आहेत," तेप्पेई गोरोला म्हणाला.

"मला कुणी विचारलंसुद्धा नाही," गोरो म्हणाला. "मी तर जास्त मळलोय."

दोघांनी मुळाशी खणायला घेतलं. ज्या मातीत दगड सहज उतरला होता, ती आता पहारीला दाद देत नव्हती. खडकासारखी. तेप्पेई घामाघूम झाला. मधूनच उजवा हात बधिर व्हायचा आणि घशात काहीतरी अडकायचं. ओसरीवर उमेझावासान आणि सुमाकोसान शेजारी शेजारी बसून बघत होते. उमेझावासानांच्या मांडीवर चिकटपट्टीचं भेंडोळं होतं. चेरीवर आता थोडीच पानं उरली होती आणि आज कुणी शिडीवर चढलं नव्हतं.

"पानं चिकटवत नाही आज?" तेप्पेईने विचारलं.

"पट्टी संपली," उमेझावासान म्हणाले, आणि भेंडोळं मांडीखाली सरकवलं.

साखळ्या घातल्या. तिकाटण्याचे पाय रोवले. तेप्पेईने चेन ओढायला घेतली. कड, कड, कड. दगड हलेना. तिकाटणं करकरलं, एक पाय मातीत बोटभर रुतला. पुन्हा ओढली. आणि मग एकदम, दात उपटल्यासारखा, दगड जमिनीतून सुटला आणि लोंबकळू लागला. तेप्पेईने दोन्ही हातांनी चेन धरून ठेवली. पुलीचा दाता नीट धरत नव्हता. सोडली तर दगड खाली येणार, आणि दगडाखाली तेप्पेईचे पाय होते. म्हणजे पाय बाजूला होते, पण दगड कुठल्या बाजूला येईल हे दगडच जाणे.

"गोरोसान, लवकर, फळी! ट्रकमधली जाड फळी आणा, खाली सरकवू, मग आडवा करू!"

"मागच्या दारात कुणीतरी सायकल आडवी लावलीय. पुढून जाऊन येतो." गोरो घराला वळसा घालून पळाला.

तेप्पेई एकटा राहिला. अधांतरी टांगलेला दगड नेहमी फिरतो. साखळीचा पीळ सुटतो, वारा लागतो. हा फिरत नव्हता. अगदी स्तब्ध. आता फक्त थोडंच राहिलंय, तेप्पेईने स्वतःला सांगितलं. फळी येईल, दगड आडवा होईल, झोपी जाईल, आणि या घरच्या मालकाचा जीव वाचेल. ज्याचा कुणाचा असेल त्याचा. नाहीतरी आज मालक आहे कोण, हे त्याने विचारलंच नव्हतं.

गोरो फळी खांद्यावर घेऊन आला तो हसतच.

"काय जावईबापू! घर घेतलंत आणि मेव्हण्याला पत्ता नाही?"

"कसलं घर? फळी टाका!"

"कसलं म्हणजे? पुढच्या फाटकावर पाटी आहे की. कुनिमात्सु तेप्पेई. केवढी मोठी पाटी! रंग-बिंग काही ओला नाही, उगाच सांगितलं. तुमच्या बापाच्या घरालासुद्धा एवढी पाटी नव्हती."

तेप्पेईने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने तोंड मिटलं.

ओसरीवर दोघं उठून उभी राहिली होती. त्यांचे केस अजून ओले होते. झाडाखाली टपटप आवाज आला. चिकटवलेली पानं, पट्टीसकट, एकदमच गळायला लागली होती.

साखळी अगदी हलकेच कुरकुरली. दगड फिरू लागला. सावकाश, वारा नसताना, एका बाजूने दुसरीकडे. ओसरीवरून त्याचं तोंड सरकलं, तळ्यावरून सरकलं, गोरोवरून काही न घेता पुढे गेलं, आणि तेप्पेईसमोर येऊन थांबलं.

तेप्पेईने चेन सोडली नाही. सोडता येत नव्हती. गोरोला फळी टाका म्हणून सांगायला आवाज नव्हता, आणि गोरो अजून हसतच होता.

उमेझावासान आणि सुमाकोसान ओसरीच्या कडेला आले आणि पुन्हा कमरेतून वाकले, सकाळपेक्षाही खाली.

"जपून हं, मालक," उमेझावासान म्हणाले.